बर्फाच्या कारखान्यावरचा मुका भोंगा

नोंद क्रमांक: १४७

ठिकाण: बंद पडलेला बर्फाचा कारखाना, कालव्याच्या अलीकडचा काठ. गच्चीवर लोखंडी मनोरा, मनोऱ्यावर भोंगा.

प्रकार: छत्रीवाला. वर पत्र्याची गोल टोपी, खाली मोटर, मध्ये पिंजरा.

खिडक्या:

हा रकाना रिकामा होता, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

जुने भोंगे शोधत हिंडणारी पंधरा-वीस माणसं त्या शहरात होती. त्यांना रिकामा रकाना सहन होत नसे. दातात तूस अडकलं की जीभ जशी तिथेच जात राहते, तशी ही मंडळी रिकाम्या रकान्याकडे परत परत जात. आता खिडक्या म्हणजे काय, तर भोंग्याच्या पोटात एक चक्र फिरतं, चक्राभोवती कडं असतं आणि कड्याला उभ्या फटी असतात. त्या मोजल्या की भोंगा कुठल्या घराण्यातला आणि कुठल्या काळातला ते कळतं. छत्रीवाल्याच्या खिडक्या खालून दुर्बिणीने मोजता येत नाहीत, टोपी आड येते. मनोरा चढायचा, फटीतून बोटं आत घालायची आणि चक्र हाताने ढकलत एक, दोन, तीन म्हणायचं.

चालू भोंग्यात कोणी बोटं घालत नाही. मुक्या भोंग्यात घालतात.

स्थिती: मुका.

स्थितीला रजिस्टरात तीनच शब्द होते. चालू, मुका, गेला. गेला म्हणजे उतरवून भंगारात गेला. मुका म्हणजे जागेवर आहे, पण वाजत नाही. मंडळात नवा आलेला माणूस पहिल्याच बैठकीत “या महिन्यात ताईंनी दोन मुके दिले” हे ऐकून खुदकन हसायचा, आणि बाकीचे त्याच्याकडे असे बघायचे की तो पुढच्या बैठकीला पाणी वाटायला उठायचा.

तर मुके द्यायचा अधिकार या ताईंचा. मंडळात त्यांना सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे कानवाली. श्रवणयंत्रांचं दुकान होतं तिचं. पुढच्या खोलीत काचेचं कपाट, मागच्या खोलीत जाड दाराची तपासणीची पेटी. पेटीत गिऱ्हाईक बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून बारीक-मोठे सूर सोडायचे. ऐकू आलं की गिऱ्हाईक बटण दाबतं, ताईच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. एकवीस वर्षं दुसऱ्यांचे कान तपासून तिला स्वतःच्या कानांबद्दल शंका उरली नव्हती. तिने मुका म्हटलं की मुका. पुढे मंडळाचं रजिस्टर इतकं नावाजलं की गेल्या महिन्यात अग्निशमन दलाने त्याची प्रत मागून नेली. त्या दिवशी ताईने मंडळाला चहा पाजला होता.

स्थिती कशावरून ठरवली: ऐकून. पुलावरून, चाचणीच्या दिवशी.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दुपारी बाराला, शहरातले सगळे चालू भोंगे एक मिनिट वाजवून बघतात. दोन महिन्यांपूर्वीच्या बुधवारी ताई आणि तिचा धाकटा भाऊ कालव्याच्या पुलावर उभे होते. भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. ताईनेच त्याला या नादाला लावलेलं. अलीकडे बर्फाचा कारखाना, पलीकडे अग्निशमन दलाची दुसरी चौकी. तिच्यावरही छत्रीवालाच, जणू जुळा भाऊ. बाराला आवाज उठला, चढला, स्थिरावला.

“ताई, दोन आहेत का गं?”

“एकच आहे. पलीकडचा.”

“पण हलतोय बघ. झोके घेतल्यासारखा.”

“समोरच्या भिंतीवर आपटून परत येतोय तो. कान माझे आहेत की तुझे?”

लहानपणापासून तिच्यापुढे धाकट्याची डाळ शिजत नव्हती. ताईला साडेबाराला दुकान उघडायचं होतं. तिने तिथेच कठड्यावर पान ठेवून लिहिलं: मुका. शेऱ्यात लिहिलं: भिंतीवरून प्रतिध्वनी. आणि सही ठोकली.

प्रत्यक्ष चढणार: धाकटा. आज. बुधवार, पहिला.

अकरा वीसला त्याचा फोन आला होता.

“ताई, गच्चीवर पोचलो. रखवालदाराने सोडलं. चढतोय आता. मुका ना नक्की?”

“रजिस्टरात काय लिहिलंय?”

“मुका.”

“मग?”

“मग मुका. विचारलं आपलं.” तो हसला. “मोजून झालं की वरच बसतो. बाराला सगळ्या शहराचे भोंगे एकदम रेकॉर्ड होतील. एवढी उंच जागा दुसरी नाही. आणि शेजारी मुका असलेला बरा, मध्ये तोंड घालत नाही.”

“पाय जपून टाक.”

“लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळतो मी रोज. तू मला शिकव.”

घरटं:

फोन ठेवता ठेवता त्याने खालून मनोऱ्याचा एक फोटो पाठवला होता. ताईने तो लगेच पाहिला नाही, कारण पेटीत एक आजोबा बसले होते आणि त्यांची सून बाहेरच्या खुर्चीवर “यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं” असं ताईला दुसऱ्यांदा सांगत होती. ताईने डाव्या कानाचे सूर संपवले आणि उजव्या कानाकडे वळण्याआधी फोन उचलला. अकरा चौतीस.

चांगला फोटो होता. निळं आभाळ, गंजलेली शिडी, वर छत्रीवाला. गच्चीच्या कठड्यावर पारवे होते. पाण्याच्या नळीवर होते, मनोऱ्याच्या आडव्या पट्ट्यांवर दाटीवाटीने होते.

भोंग्यावर एकही नव्हता.

ना पारवा, ना काडी, ना विष्ठेचा पांढरा ओघळ. मुक्या भोंग्याच्या टोपीखाली पाखरं संसार थाटतात, हे मंडळातलं कालचं पोरही सांगेल. पाऊस नाही, वारा नाही, आयतं छप्पर. अशी जागा पाखरं एकाच कारणाने सोडतात: महिन्यातून एकदा त्या घराला कंठ फुटत असेल तर.

ताईने स्वतःला समजावलं. फोटो खालून काढलाय. सावली असेल. मग तिने दोन महिन्यांपूर्वीचं पुलावरचं रेकॉर्डिंग काढलं, दुकानातले सर्वांत चांगले हेडफोन कानाला लावले आणि ऐकलं.

आवाज चढला. स्थिरावला. आणि मग झोके: मोठा, लहान, मोठा, लहान. सेकंदाला तीन.

आता ही गोष्ट ताई मंडळात फळ्यावर काढून शिकवायची. एकच भोंगा एका सुरात वाजत असेल तर भिंतीवरून परत आलेला आवाजही त्याच सुराचा असतो. तो झोके घेत नाही. झोके येतात ते दोन वेगळ्या मोटरी जवळजवळ सारख्या, पण अगदी सारख्या नव्हे अशा वेगाने फिरत असल्या की. एक किंचित पुढे, एक किंचित मागे. दोन तोंडं. जुळे भाऊ. हे तिला माहीत होतं. पुलावर उभी असतानाही माहीत होतं. फक्त त्या क्षणी तिने ते माहीत करून घेतलं नाही.

टेबलावरचा हिरवा दिवा लागला. पेटीतल्या आजोबांनी बटण दाबलं होतं. ताईने कुठलाही सूर सोडला नव्हता.

संपर्क:

११.३८. धाकट्याला फोन. वाजतोय, उचलत नाही.

११.३९. वाजतोय.

११.३९. वाजतोय.

उचलणार कसा? मनोरा चढण्याआधी खिसे रिकामे करायचे, ही मंडळाची शिस्त होती. किल्ल्या, सुटे पैसे, पेन, फोन, सगळं थैलीत, थैली शिडीच्या पायथ्याशी. एकदा कोणाचातरी पाना वरून पडून खालच्या मोटारीची काच फुटली, तेव्हापासूनचा नियम. नियम कोणी केला असेल, ते सांगायची गरज नाही. वर फक्त गळ्यात अडकवलेला रेकॉर्डर जातो.

चालू भोंग्याजवळ जाताना कानांवर जाड टोप्या चढवायच्या, असाही नियम होता. मुक्यासाठी तो लागू नव्हता.

हाताच्या अंतरावरून छत्रीवाला काय करतो, हे ताईपेक्षा कोणाला ठाऊक असणार? एका मिनिटात आयुष्यभराचं काम होतं. अशी माणसं तिच्या पेटीत येऊन बसत आणि हेडफोनमध्ये सगळं शांत असताना बायकोच्या तोंडाकडे बघत राहत. पण कान ही दूरची गोष्ट. आधी बोटं. बोटं आत असताना चक्र सुटलं तर. आणि बोटं बाहेर असली, तरी अचानक तो आवाज कानाशी फुटल्यावर माणूस शिडीवर राहील का? सहा मजली इमारत, वर मनोरा.

कारखाना दुकानापासून स्कूटरने पंचवीस मिनिटं. अकरा एक्केचाळीस झाले होते. रखवालदाराचा नंबर नाही. कारखान्याचा फोन कारखान्याबरोबरच मेलेला.

“बाई, झालं का?” पेटीतून आजोबांचा आवाज आला. “उजवा राहिलाय अजून.”

“थांबा आजोबा.”

“मी थांबलोयच की. तुम्हीच कुठेतरी गेलात.”

कोणाला कळवलं: अग्निशमन दल, नियंत्रण कक्ष.

अकरा त्रेचाळीसला तिकडचा ड्युटीवरचा माणूस फोनवर आला. आवाजावरून पन्नाशीचा, तोंडात काहीतरी चघळत असलेला.

“बाराची चाचणी थांबवा,” ताई म्हणाली. “बर्फाच्या कारखान्यावरच्या भोंग्याशी माणूस आहे. आत हात घालून.”

“बर्फाचा कारखाना… थांबा हं.” कागद उलटल्याचा आवाज. “मॅडम, काळजी नको. तो बंद आहे. यादीत मुका लिहिलंय.”

“तो चालू आहे.”

“यादी भोंगेवाल्या मंडळाची आहे. त्यांच्यात एक बाई आहेत म्हणे, नुसत्या कानाने ओळखतात. आमच्या साहेबांचा फार विश्वास.”

“ती बाई मीच. माझं चुकलंय.”

पलीकडचं चघळणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

“मग मॅडम, तुम्ही दुरुस्तीचा अर्ज द्या. पुढच्या यादीत—”

“अहो, माझा भाऊ आहे वर.”

“गाडी पाठवतो. दहा-बारा मिनिटं लागतील.”

“पोचून, सहा मजले चढून, बाराच्या आत?”

पलीकडे पुन्हा कागद उलटले गेले.

“एक सांगा,” ताई म्हणाली. “तुमच्या खोलीतल्या फलकावर प्रत्येक भोंग्यामागे एक दिवा असतो ना? मोटरीने वीज ओढली की लागणारा? याचा दिवा मागच्या चाचणीला लागला होता का?”

“याचा दिवा नाहीच.”

“का नाही?”

“काढला. तुमची यादी आल्यावर. भोंगा मुका, आणि दिवा आपला दर महिन्याला लागायचा. साहेब म्हणाले, दिव्यात बिघाड आहे, काढून टाका. उगाच गोंधळ.”

“लागायचा?”

“लागायचा. म्हणून तर काढला.”

आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. ताईला फोनमध्ये खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“चाचणी बंद करा,” ती म्हणाली.

“घड्याळावर आहे. बारा वाजले की हुकूम सगळ्या भोंग्यांना एकदम सुटतो, एकाच तारेवरून. घड्याळ कुलपात. किल्ली साहेबांकडे, साहेब बैठकीत, फोन बंद.” त्याचा आवाज बारीक झाला होता. “एक मेन फ्यूज आहे. तो हाताशी आहे. पण तो मी काढला तर मलाच परत घालता येत नाही. सील आहे. वीज विभागाचा माणूस यावा लागतो, दोन वाजेपर्यंत तरी. तोवर सबंध शहराला भोंगा नाही. नदीकाठचा रसायनांचा कारखाना, धरण, सगळं. तेवढ्यात काही झालं तर?”

अकरा एकावन्न.

हा प्रश्न साधा नव्हता. अकरा वर्षं ही बाई लोकांना सांगत आली होती की हे गंजके लोखंडी गोळे शोभेचे नाहीत, एखाद्या दिवशी यांच्यावाचून माणसं मरतील. आता तिच्या एका भावासाठी सगळ्या शहराची वाचा दोन तास बंद करायची होती, आणि विचार करायला ती वेळ मागू शकत नव्हती.

“काढा,” ती म्हणाली.

“मॅडम, हा फोन टेप होतो. कोणाच्या सांगण्यावरून काढला ते यायला पाहिजे त्यात. माझी नोकरी आहे. दोन लग्नाच्या मुली आहेत.”

ताईने नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, पत्त्यासकट. मग शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी सावकाश बोलली: “नोंद क्रमांक एकशे सत्तेचाळीस मी मुका म्हणून लिहिली. ती चूक आहे. रेकॉर्डिंगमध्ये दोन भोंगे वाजताना ऐकू येतात. ते तेव्हाच ऐकू येत होते. माझ्या चुकीमुळे तिथे माणूस चढलाय. फ्यूज माझ्या सांगण्यावरून काढताय.”

“ऐकलं,” तो म्हणाला. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. पावलं. एक लोखंडी दार. मग बराच वेळ काहीच नाही.

अकरा छप्पन.

“सील निघत नाहीये,” लांबून तो ओरडला.

“सील निघत नाहीये म्हणजे?” ताई ओरडली.

“पक्कड आहे का?” सुनेने विचारलं. ती केव्हाची उठून टेबलाशी आली होती. तिला निम्मं-अर्धंच कळलं होतं, पण तेवढं पुरलं. “त्यांना विचारा, पक्कड आहे का? नसली तर कात्री.”

“कात्री आहे का?” ताई फोनमध्ये म्हणाली.

अकरा सत्तावन्न. अठ्ठावन्न. मग काहीतरी तुटल्याचा आवाज, एक शिवी, आणि पावलं परत आली.

“काढला,” तो म्हणाला. धापा टाकत होता. “माझ्या हातात आहे.”

चाचणी, दुपारी बारा:

ताई दुकानाच्या दारात उभी राहिली. समोरच्या शाळेवर नोंद क्रमांक बारा; तो वाजला नाही तर कुठलाच वाजणार नव्हता, तार एकच. शेजारच्या केस कापणाऱ्याने कात्री थांबवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या. चपलांच्या दुकानासमोरचा कुत्रा दर पहिल्या बुधवारी गळा काढून साथ द्यायचा. तो उठून बसला, वाट पाहिली आणि जरा ओशाळून परत आडवा झाला.

बारा एक. बारा दोन. काही नाही.

पण भोंगा वाजला नाही एवढंच तिला कळलं होतं. वरचा माणूस धड आहे की नाही, हे त्या शांततेत लिहिलेलं नव्हतं.

बारा नऊला फोन वाजला.

“ताई, काय झालंय आज?” धाकटा. वैतागलेला. “रेकॉर्डर लावून बसलो, एक भोंगा वाजेल तर शपथ. सगळं शहर मुकं. आणि तुझे तीन कॉल कसले?”

ताई दारातून आत आली आणि खुर्चीवर बसली.

“ताई? खिडक्या दहा आहेत. लिहून घे. ताई, आहेस ना?”

“दुकानात ये.”

“जेवून येतो, पोटात कावळे—”

“आत्ता ये.”

शेरा:

तो यायच्या आधी नियंत्रण कक्षातला माणूस पुन्हा फोनवर आला.

“पोरगा उतरला?”

“उतरला.”

“बरं झालं. मॅडम, वरून विचारणा आलीय. तुमचं नाव दिलं.”

“द्यायलाच हवं होतं.”

“वीज विभागाचा माणूस दोनला येतोय. फ्यूज बसला की चुकलेली चाचणी लगेच घ्यायची, असा हुकूम आहे. मी सांगून पाहिलं, ऐकत नाहीत. बर्फाचा कारखाना आता रिकामा आहे म्हणतात, मग काय अडचण?” तो थांबला. “अडचण सांगतो. दिवा काढलेला तो एकटाच नाही. तुमच्या यादीवरून आम्ही पाच दिवे काढलेत. पाचही लागायचे.”

“बाकीचे कुठले?”

त्याने वाचून दाखवले. एकतीस, अठ्ठावन्न, नव्वद, एकशे सव्वीस. चारही पानं ताईला तोंडपाठ होती. चारही पानांवर तिची सही होती. चारही ठिकाणी तिने कुठल्याशा पुलावर, कुठल्याशा गल्लीत उभं राहून घाईत कान दिला होता.

धाकटा आत आला. हेल्मेट काखेत, कपाळावर गंजाचा पट्टा. सून आजोबांना घेऊन निघाली होती. जाताना तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, दोन्ही हातांकडे, आणि बाहेर गेली.

ताईने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, पुलापासून फ्यूजपर्यंत.

तो खुर्चीवर बसला.

“मी विचारलं होतं तुला.”

“हो.”

“दोनदा.”

“हो.”

तो आपल्या उजव्या हाताची बोटं उघड-मीट करत राहिला.

“बाराला हात कुठे होता तुझा?” ताईने विचारलं.

“आत. मोजून झालं होतं. पण वाऱ्याने चक्र हलायचं, कर्र कर्र व्हायचं, रेकॉर्डिंगमध्ये आलं असतं. म्हणून धरून बसलो होतो.” तो थांबला. “चार बोटांनी.”

ताईने रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं आणि चार पानांचे कोपरे दुमडले. भिंतीवरचं घड्याळ बारा पन्नास दाखवत होतं.

“एकतीस आणि नव्वद बंद गोदामं आहेत,” तो पानं बघत म्हणाला. आवाज कोरडा होता, कामाचा होता. “तिथे कोणी नसतं. तरी जातो. एकशे सव्वीस वाटेतच आहे. अठ्ठावन्न काय?”

“पाण्याची टाकी.”

“टाकीला रंग देतायत. मागच्या आठवड्यापासून. झुले टांगून.”

दोघंही एकदमच उठली. तो स्कूटरला किक मारून निघून गेला. ताईने पाणीपुरवठा खात्याचा नंबर लावला. चार ठिकाणी फिरवाफिरवी झाल्यावर टाकीवरचा रखवालदार मिळाला.

“भोंगा?” तो म्हणाला. “तो मुका आहे, ताई. आम्हाला यादी आलीय. रंगाऱ्यांनी त्यालाच दोर बांधलाय.”

“यादी मी केलीय,” ताई म्हणाली. “माणसं खाली घ्या.”

“साहेबांना विचारतो—”

“विचारू नका. मी फोन धरून ठेवते. तुम्ही हाक मारा.”

पलीकडे फोन कशावर तरी ठेवला गेला. मग त्या माणसाचा आवाज लांब गेला, वरच्या दिशेने, एकदा, दोनदा. ताई डोळे मिटून, फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिली. वरून कोणीतरी ओ दिली. ती एकाचीच होती. झुल्यावर किती जण आहेत हे तिला माहीत नव्हतं, आणि ती दुसऱ्या आवाजाची वाट बघू लागली.